खोकडाच्या तोंडातले फुरसे

"पोरगी एकटी डोंगरात जाणार न्हाई," जोहराने भाकरी तव्यावर टाकत जाहीर केले, "आन् तुम्ही घरीच तर असता."

यातले पहिले वाक्य मुलीसाठी, म्हणजे गजालासाठी होते आणि दुसरे नवऱ्यासाठी, म्हणजे नूरमोहम्मदभाईंसाठी. जोहराचे माहेर पैठणचे. एरवी घरात दखनी आणि मराठीची सरमिसळ चालायची, पण एखाद्या गोष्टीवर तिचे मन पक्के झाले की ती निव्वळ मराठीत बोलायची, आणि मराठीत बोललेले वाक्य त्या घरात पुन्हा चर्चेला येत नसे. नूरभाईंनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला. चहा बिनसाखरेचा होता. तोही निर्णय मागे कधीतरी मराठीतच झाला होता.

नूरभाई एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी उभ्याने झाली. खुलताबादहून कन्नड, कन्नडहून वैजापूर, छताचा दांडा धरून, घाटात एका पायावर तोल सांभाळत. निवृत्तीनंतर काय करायचे असे कुणी विचारले की ते एका शब्दात सांगायचे, "बसणार." त्यासाठी त्यांनी दारातल्या लिंबाखाली एक प्लॅस्टिकची खुर्चीही आणून ठेवली. त्या खुर्चीवर ते जेमतेम आठवडाभर बसले असतील, तेवढ्यात गजालाची पीएचडी सुरू झाली.

गजालाचा विषय होता खोकड.

"म्हंजे कोल्हा ना?" नूरभाईंनी विचारले.

"कोल्हा नव्हे अब्बा, खोकड. कोल्ह्यापेक्षा लहान. शेपटीचं टोक काळं असतं."

"म्हंजे लहान कोल्हा."

"नक्को अब्बा, तुम रहने दो," गजाला म्हणाली.

खुलताबादच्या मागच्या डोंगरावर मोठे गायरान आहे. तिथे गजालाने विद्यापीठातून आणलेले कॅमेरे झाडांना बांधले होते. समोरून काही हलले की हे कॅमेरे टक् असा बारीक आवाज करून आपोआप फोटो काढत. दर रविवारी वर जायचे, कॅमेऱ्यांतली कार्डे बदलायची, बॅटऱ्या बघायच्या आणि खाली यायचे, एवढेच काम. ते एवढेच आहे असे गजाला सांगायची. चढ किती आहे ते ती सांगत नसे.

पावसाळ्यात त्यांना टिटवी भेटली. तिची अंडी वाटेजवळच्या खड्यांत होती, आणि ती चोरायला कोण येणार याबद्दल तिची खात्री होती. गजाला अंड्यांपासून हातभर अंतरावरून गेली तरी टिटवी गप्प बसायची. नूरभाई लांबून दिसले की मात्र ती ओरडत यायची आणि थेट त्यांच्या टोपीवर झेप घ्यायची. नूरभाई डोक्यावर पिशवी धरून, मान खाली घालून चालायचे. "बाई, मला तुझी अंडी नको," असे त्यांनी तिला शांतपणे सांगून पाहिले. त्या वर्षी टिटवीने अंडी दोनदा घातली.

पावसाळ्यातल्या कार्डांवर गवताचे फोटो होते. वाऱ्याने हललेले गवत, पावसाने हललेले गवत, आणि अधूनमधून मल्हाररावांची मेंढरे. मल्हारराव धनगर पलीकडच्या वाडीचे. त्यांचा कळप रोज त्या गायरानात असे. खोकड दिसते का, असे गजालाने पहिल्याच दिवशी त्यांना विचारले होते.

"दिसतं की," मल्हारराव म्हणाले, "कालच गेलं हितनं."

त्यानंतर गजाला जेव्हा विचारायची तेव्हा खोकड कालच गेलेले असायचे.

हिवाळ्यात वानरे आली. त्यांनी दोन कॅमेरे झाडावरून सोडवले, उलटसुलट करून पाहिले आणि खायचे नाहीत अशी खात्री झाल्यावर ओढ्यात टाकले. त्यातल्या एकाच्या कार्डावर शेवटचा फोटो नुसत्या दातांचा होता. कॅमेरा शोधायला ओढ्यात उतरलेले नूरभाई गारठ्याने आठवडाभर शिंकत होते. ते बरे होतात न होतात तोच तुरीच्या रानातून एक रानडुक्कर निघाले आणि नूरभाईंना बाभळीवर चढावे लागले. बाभळीवर चढताना काटे जाणवले नाहीत. उतरताना सगळे जाणवले.

"अब्बा, एक अच्छी खबर है," त्या रात्री त्यांच्या पोटरीतला काटा काढताना गजाला म्हणाली, "आपल्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्राणी कोणता, ते आज काढलं."

"खोकड?"

"तुम."

तोपर्यंत खोकडाचा एकही फोटो मिळालेला नव्हता. गजालाच्या मार्गदर्शक रत्नमाला मॅडम फोनवर दर महिन्याला "अजून काहीच नाही?" असे विचारायच्या, आणि दर महिन्याला त्यांचा आवाज थोडा बारीक व्हायचा. उन्हाळ्यापर्यंत काही हाती लागले नाही तर विषय बदलावा लागेल, असे त्यांनी सांगितले. गजाला हे घरात बोलली नाही, पण तिचे जेवण कमी झाले, आणि जोहराने ते पाहिले.

नूरभाईंचेही मन लागत नव्हते, पण त्यांच्यापाशी एक उपाय होता. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात रविवारी सकाळी जिलबीसारखी, पण कडेला नक्षी असलेली इमरती निघायची. वर जाताना गजाला पाण्याच्या बाटल्या घ्यायला थांबली की नूरभाई आत डोकावून एक इमरती कागदात बांधून घ्यायचे. वर गेल्यावर गजाला पलीकडच्या उतारावरचे कॅमेरे बघायला जायची. नूरभाईंचे गुडघे तिथवर जात नसत. ते अलीकडच्या बोरीखाली बसायचे. या बोरीलाही एक कॅमेरा होता, पण तो कुठल्या दिशेला बघतो हे त्यांना ठाऊक होते. ते बरोबर त्याच्या पाठीमागे बसायचे आणि डोळे मिटून इमरती खायचे. आठवड्यातली तेवढीच पंधरा-वीस मिनिटे ते खऱ्या अर्थाने निवृत्त असायचे.

मल्हाररावांनी हे एकदा पाहिले. त्यानंतर नूरभाई दोन इमरत्या आणू लागले.

"शुगर हाय ना तुमाला, कंडक्टर?" दुसरी इमरती खाताना मल्हाररावांनी विचारले.

"व्हय."

"मग लई खाऊ नका," असे म्हणून त्यांनी नूरभाईंच्या इमरतीचाही तुकडा मोडून घेतला.

जोहराकडे साखर मोजायचे मशीन होते. दर सोमवारी ती नूरभाईंचे बोट टोचायची आणि आकडा बघून बुचकळ्यात पडायची. "डोंगर चढताय, भाकरी निम्मी केली, तरी वाढतेच कशी?" ती विचारायची. नूरभाई बोट चोखत खिडकीबाहेर बघायचे.

मार्चमधल्या एका रविवारी मल्हारराव कुणाच्या तरी हळदीला गेले होते, म्हणून दुसरी इमरती उरली. नूरभाईंनी ती हातात घेतली, तेवढ्यात उतारावरून गजालाची हाक आली. ती त्या दिवशी लवकर परतली होती. नूरभाईंनी मागचापुढचा विचार न करता इमरती डोक्यावरून मागे भिरकावली. ती बोरीपलीकडच्या तरवडाच्या झुडपात पडली, म्हणजे बरोबर कॅमेऱ्यासमोर. नूरभाईंनी तोंड पुसले आणि ते आकाशाकडे बघत बसले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी गजाला घरात लॅपटॉप उघडून बसली होती. ती एकदम उठून उभी राहिली. तिने नूरभाईंचा हात धरून त्यांना पडद्यासमोर आणले.

खोकड होते. पहाटेच्या अंधारातला काळापांढरा फोटो होता, पण मोठे कान, निमुळते तोंड, शेपटीचे काळे टोक, सगळे होते. नूरभाईंना इतका आनंद झाला की फोटोतली पुढची गोष्ट दिसायला त्यांना वेळ लागला. खोकडाच्या तोंडात काहीतरी होते. गोल, वेटोळ्यांचे, कडेला नक्षीदार.

"अब्बा, हे काय असंल?" गजाला पडद्याजवळ डोळे नेऊन म्हणाली.

नूरभाईंनी ती वस्तू ओळखली. त्यांनी मागे वळून पाहिले. जोहरा ओट्यापाशी भांडी लावत होती.

"अंधारातलं काय कळतं," ते म्हणाले.

गजालाने फोटो रत्नमाला मॅडमना पाठवला. लगेच फोन आला. मॅडमचा आवाज वर्षभरात प्रथमच मोठा झाला होता; तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

"गजाला, ते फुरसं आहे. वेटोळी बघ. फुरसंच असं अंगावर अंग घासत बसतं. खोकडानं विषारी साप धरलाय. तुला कळतंय का हे काय मिळालंय ते?"

"काय मिळालंय?" जोहराने आतून विचारले.

"अम्मी, साँप. खोकडाच्या तोंडात. ये, बघ."

"मला नका दाखवू," जोहरा म्हणाली. सापाचे चित्र असलेले पानही ती पुस्तकात टाचणीने बंद करून ठेवायची. नूरभाईंनी मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. मग त्यांच्या लक्षात आले की आभार मानण्यासारखे फारसे काही नाही. सांगावे तर जोहराला कळणार. न सांगावे तर पोरगी इमरतीला साप म्हणणार, तेही विद्यापीठात.

त्यांनी ठरवले की आधी गजालाला एकटीला गाठून सांगायचे. दुसऱ्या दिवशी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. इतक्या दिवसांनी ती गुणगुणत होती. नूरभाई दोरीपर्यंत गेले, दोन चिमटे उचलून तिच्या हातात दिले आणि परत आले.

तिसऱ्या दिवशी रत्नमाला मॅडम स्वतः गाडी घेऊन आल्या. गायरानात त्यांना मल्हारराव भेटले. ते पागोटे सारखे करून उभे राहिले.

"काका, इथं फुरशी आहेत का हो?" मॅडमनी विचारले.

मल्हाररावांनी नूरभाईंकडे पाहिले. नूरभाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी होते, पण काय ते मल्हाररावांना कळले नाही. आपला मित्र अडचणीत आहे आणि त्याला साथ द्यायची आहे, एवढेच त्यांना समजले.

"लई," ते म्हणाले. "पाय ठिवायला जागा नाय."

नूरभाईंनी डोळे मिटून घेतले.

"मग मोजावी लागतील," मॅडम म्हणाल्या. "खोकड ती किती खातं हे सांगायचं तर मुळात आहेत किती, हे आधी कळायला हवं."

अशा रीतीने, ज्या सापाशी कुणाचाही काही संबंध नव्हता तो शोधायला एप्रिलच्या उन्हात नूरभाई दगड उचलू लागले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात लोखंडी आकडा. दगड उलटा करायचा, खाली बघायचे, पुन्हा होता तसा ठेवायचा. प्रत्येक दगडापूर्वी ते मनात कलमा म्हणायचे. दगडांखाली विंचू निघाले, गोम निघाली, पाली निघाल्या, एकाखाली लहान मुलाची चप्पल निघाली. फुरसे एकही निघाले नाही.

"वरच्या अंगाला असत्याल," मल्हारराव सावलीतून सांगायचे. "कालच बघितलं मी."

"तुम्ही गप ऱ्हावा हो," नूरभाई म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी प्रवाशालाही असे म्हटले नव्हते.

एकही फुरसे सापडले नाही, हे गजालाने घाबरत मॅडमना कळवले. किती दगड बघितले, ते मॅडमनी विचारून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे खोकडांनी संपवली. बघ, किती मोठी गोष्ट आहे."

या सगळ्या काळात नूरभाईंनी इमरती आणणे बंद केले होते. पुरावा वाढायला नको, असा त्यांचा हिशेब. पण इमरती बंद झाली आणि खोकडही बंद झाले. एक रविवार गेला, दुसरा गेला. कार्डावर पुन्हा नुसते गवत, तेही वाळलेले. एका फोटोवर प्रबंध होत नाही, असे मॅडम म्हणाल्या. गजालाचे गुणगुणणे थांबले. एका रात्री ती ताट तसेच ठेवून उठली.

त्या रविवारी नूरभाईंनी हॉटेलात चार इमरत्या बांधून घेतल्या.

त्यांनी एकही खाल्ली नाही. बोरीच्या मागे उभे राहून त्यांनी कॅमेऱ्यावरून एकेक इमरती पलीकडे टाकली. टाकताना हातसुद्धा फोटोत येऊ नये म्हणून ते वाकून टाकत होते. बोटांना लागलेला पाक त्यांनी बराच वेळ बघितला आणि मग तो पाण्याने धुऊन टाकला. मल्हारराव हे सगळे हताशपणे बघत होते.

"आमचं काय?" शेवटी त्यांनी विचारले.

"लेकराच्या शिक्षणाचा प्रश्न हाय, मल्हारराव."

मल्हारराव मेंढरांकडे वळले. शिक्षणापुढे त्यांना काही बोलता येत नसे.

खोकड परत आले. मे महिन्यात तर ते इतके फोटो देऊ लागले की गजालाला निवडायला वेळ पुरेना. जवळजवळ प्रत्येक फोटोत तोंडात फुरसे होते. मॅडमनी 'सर्पाहारी खोकड' असे नाव असलेले एक प्रकरणच प्रबंधात घालायला सांगितले. घरात मात्र दुसराच आनंद चालू होता. नूरभाईंची साखर उतरत होती. दर सोमवारी आकडा खाली यायचा आणि जोहराचा चेहरा उजळायचा.

"डोंगरानं गुण दाखवला बघा," ती म्हणायची. नूरभाई बोट चोखत खिडकीबाहेर बघायचे. खाऊन जेवढे अवघड गेले नव्हते तेवढे आता न खाता जात होते.

प्रबंधाआधी विद्यापीठात एक सादरीकरण असते. सगळ्या विभागासमोर काम दाखवायचे, बाहेरचा तज्ज्ञ बोलवायचा, त्याने प्रश्न विचारायचे. घरच्यांनाही बसता येईल असे मॅडम म्हणाल्या. जोहराने ठेवणीतला दुपट्टा काढला. तिघे एसटीने शहरात गेले. बसमध्ये नूरभाईंनी दोनदा गजालाकडे वळून "बेटा" म्हटले. दोन्ही वेळा ती ओठांतल्या ओठांत पाठ केलेले म्हणत होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला फक्त पाण्याची बाटली दिली.

दालन भरलेले होते. पहिल्या रांगेत नागपूरहून आलेले तज्ज्ञ बसले होते. ते सापांचे तज्ज्ञ होते, कारण प्रकरण सापाचे होते. गजाला छान बोलली. खोकडाची बिळे, पिल्ले, फिरण्याच्या वेळा, सगळे तिने न अडखळता सांगितले. मग तिने तो फोटो लावला, आणि भिंतीएवढे खोकड भिंतीएवढे फुरसे तोंडात धरून सगळ्यांसमोर उभे राहिले.

जोहराने दुपट्टा डोळ्यांवर घेतला होता. आजूबाजूला कुणी ओरडले नाही, म्हणून तिने एक डोळा उघडून पाहिले. मग दुसराही उघडला. मग ती थोडी पुढे वाकली.

तज्ज्ञ उठून पडद्यापाशी गेले.

"याला खवले कुठं आहेत?" त्यांनी विचारले.

"सर, पहाटेचा फोटो आहे," गजाला म्हणाली.

"आणि डोकं? शेपूट?"

गजालाने मॅडमकडे पाहिले.

"आणि हे खाली गळतंय ते काय?"

"विष असावं," मॅडम म्हणाल्या.

"विष असं गळत नाही, मॅडम," तज्ज्ञ जागेवर येऊन बसले. त्यांचा आवाज कडक नव्हता, दमलेला होता. असे बरेच फोटो त्यांनी पाहिले असावेत. "हे फुरसं नाही. साप तर नाहीच. मग काय आहे, ते सांगा. सांगता येत नसेल तर हे प्रकरण काढावं लागेल. आणि खरं सांगायचं तर मग बाकीच्या कामावरही मला विचार करावा लागेल."

गजालाने हातातला कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागच्या रांगेत कुणीतरी खोकले.

नूरभाई उभे राहिले. आयुष्यभर ते माणसांसमोर उभेच होते, पण एवढे जड उभे राहणे त्यांना कधी झाले नव्हते.

"साहेब," ते म्हणाले, "ती इमरती हाय."

"काय?"

"इमरती. उडदाच्या डाळीची. खाली गळतोय तो पाक."

तज्ज्ञांनी मागे वळून पाहिले.

"तुम्ही कोण?"

"मी तिचा बाप. मीच टाकत होतो. तिला यातलं कायबी म्हाईत नाय." ते थांबले. मग आता राहिलेच काय, असे वाटून पुढे म्हणाले, "पहिली चुकून पडली. मी चोरून खात होतो, मला शुगर हाय. मग टाकली न्हाई तर खोकड येईना, म्हणून बाकीच्या मुद्दाम टाकल्या."

आधी एकजण हसला, मग सगळे दालन हसले. मॅडमनी कपाळाला हात लावला. नूरभाई पोरीकडे बघायला धजत नव्हते, आणि उजव्या बाजूला, जिथे जोहरा बसली होती तिथे, तर अजिबातच नाही. पण उजवीकडून कपड्याची सळसळ झाली. जोहराने हात वर केला होता.

"मला एक इचारायचं हाय," ती म्हणाली.

मराठी ऐकून नूरभाई खाली बसले.

"विचारा ना," तज्ज्ञ म्हणाले.

"खोकडाला शुगर होते का?"

पुन्हा हशा झाला, पण तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "कुत्र्याला होते. खोकडाचं मला सांगता येणार नाही, पण ते सारखं धावपळ करणारं जनावर आहे, सहसा होत नसावी. मात्र, रत्नमाला मॅडम, मुद्दा तोच आहे. माणसाचं खाणं मिळालं की रानातलं जनावर किती लवकर सवय लावून घेतं, याचे एवढे फोटो माझ्या तरी पाहण्यात नाहीत. साप सोडा. हे प्रकरण नव्यानं लिहा." त्यांनी गजालाकडे बघितले. "फक्त आता पुढचं वर्षभर काही टाकायचं नाही. सवय सुटते का, ते बघायचं. आणखी एक वर्ष काम करायची तयारी आहे?"

गजाला हो म्हणाली. आणखी एक वर्ष हे शब्द नूरभाईंच्या गुडघ्यांनी ऐकले.

बाहेर आल्यावर गजालाने त्यांच्यापाशी येऊन हळूच विचारले, "अब्बा, कित्ते इमरत्या?"

"गिने नहीं, बेटा."

तिने तोंडावर ओढणी धरली. ती रडते की हसते ते नूरभाईंना कळेना. मग तिचे खांदे हलताना पाहून त्यांनाही थोडे बरे वाटले. जोहरा मात्र परतीच्या बसमध्ये खुलताबादच्या कमानीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "पुढच्या रविवारपासनं मी बी येणार वर." मराठीतच.

तेव्हापासून तिघे जाऊ लागले. हॉटेलसमोरून जाताना जोहरा नूरभाई आणि हॉटेल यांच्या मधून चालायची. वर गेल्यावर गजाला पलीकडच्या उतारावर जायची आणि जोहरा बोरीखाली छत्री उघडून बसायची. नूरभाईंचे निवृत्त होणे त्या दिवसापासून पूर्ण थांबले. मल्हारराव लांबूनच हात करायचे आणि मेंढरे दुसरीकडे वळवायचे.

असेच दोन महिने गेले. भाद्रपदातल्या एका सकाळी आभाळ भरून आले होते. गजाला पलीकडच्या उतारावर गेली होती. नूरभाई बोरीच्या बुंध्याला टेकून पाय चोळत होते. समोरचे गवत हलले आणि त्यातून खोकड बाहेर आले.

एवढे दिवस दोघांची गाठ फक्त फोटोत पडली होती. ते नूरभाईंना वाटले होते त्यापेक्षा लहान होते, मांजराहून थोडे मोठे. पावसाने अंग भिजून हाडे दिसत होती. त्याने तरवडाच्या झुडपात हुंगले, माती उकरली, काही सापडले नाही. मग ते तिथेच बसले आणि नूरभाईंकडे बघू लागले. नूरभाईंनी त्याला दोन्ही रिकामे तळवे दाखवले.

"हेच का ते?" जोहराने कुजबुजत विचारले.

"हेच."

"वाळलंय किती." ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने उताराकडे मान उंचावून गजाला दिसत नाही ना, ते पाहिले आणि आपल्या पिशवीतून एक छोटा डबा काढला. झाकण उघडले तसा नूरभाईंच्या नाकात गुळाचा आणि तुपाचा वास गेला. डब्यात मलिदा होता. नूरभाईंना शुगर निघाल्यापासून त्या घरात मलिदा झाला नव्हता.

"हे कधी केलं?"

"सकाळी. तुमच्यासाठी न्हाई," जोहरा म्हणाली. "त्याला शुगर होत न्हाई म्हणाले ना साहेब. मुकं जनावर, आपणच सवय लावली आन् आपणच बंद केलं. एक घास दिला तर कुठं बिघडतंय." ती उठली आणि खोकड बुजू नये म्हणून हळूहळू बोरीला वळसा घालून पुढे गेली. "गजालाला सांगू नका."

"मी नाय सांगत," नूरभाई म्हणाले.

जोहरा तरवडापाशी खाली वाकली आणि मलिद्याचे दोन लाडू वळून तिने गवतावर नीट ठेवले, पाहुण्याला वाढावे तसे. बोरीवरच्या कॅमेऱ्यातून टक् असा बारीक आवाज आला. मग आणखी एक. जोहराने दुपट्टा सावरला आणि खोकडाकडे बघून ती हसली, तेव्हा तिसरा आला.

नूरभाईंनी तिला काही सांगितले नाही. त्यांनी तिची छत्री थोडी आपल्याकडे ओढून घेतली, पाय लांब केले आणि वर्षभरात पहिल्यांदा ते नीट टेकून बसले.